मुंबई हायचं तेल मुंबई हायमध्ये तयार झालंच नाही! खडकात तेल बनतं कसं, सरकतं कसं आणि अडकतं कसं

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलंय, आणि दहा वर्षांत तिथलं तेल-वायूचं उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असा बीपीचा अंदाज आहे. त्यावर लोकांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. १९७६ पासून तेल उपसतोय, मग तिथे आता उरलंय तरी काय? आणि उरलंय तर इतकी वर्षं काढलं का नाही?

उत्तर सोपं आहे पण त्यासाठी थोडं मागे, म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागतं. तेल कशापासून बनतं, कुठे बनतं आणि तिथून निघून दुसरीकडे कसं पोचतं हे एकदा कळलं की तेलाबद्दलच्या अर्ध्याअधिक बातम्या आपोआप समजायला लागतात.

आधी डोक्यातला तो तलाव काढून टाका

समुद्राच्या तळाखाली तेलाची मोठी पोकळी आहे, त्यात काळं तेल हिंदकळतंय आणि आपण वरून नळी सोडून ते ओढून घेतोय, हे चित्र जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतं. तसं काही नसतं. तेल घट्ट खडकात असतं. मुंबई हायचा मुख्य साठा समुद्रतळाच्या साधारण सव्वा ते दीड किलोमीटर खाली चुनखडीच्या थरात आहे. त्या चुनखडीचा तुकडा हातात घेतला तर तो दगडच वाटेल, कारण तो दगडच आहे, फक्त त्यात बारीक बारीक छिद्रं आहेत, काही डोळ्यांना दिसणारी आणि बरीचशी न दिसणारी. तेल त्या छिद्रांत बसलंय.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. खडकात एकूण किती जागा मोकळी आहे ती झाली सच्छिद्रता. आणि ती छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का, म्हणजे एका छिद्रातून दुसऱ्यात काही वाहू शकतं का, ती झाली पार्यता. छिद्रं भरपूर पण एकमेकांना जोडलेलीच नाहीत असा खडक तेलवाल्यांच्या फारसा कामाचा नसतो.

अजून एक, आणि हे पुढे फार कामाला येणार आहे. ही छिद्रं कधीच रिकामी नव्हती. हे सगळे खडक पाण्यात साचलेल्या गाळाचे, त्यामुळे छिद्रांत पहिल्यापासून खारं पाणी होतं. तेल आलं ते नंतर, त्या पाण्याला ढकलून.

कच्चा माल डायनासोर नाही, चिखल

तेल म्हणजे वितळलेले डायनासोर ही समजूत इतकी पक्की बसलीये की शाळेतली मुलंसुद्धा तेच सांगतात. खरं तर तेलाचा बहुतेक कच्चा माल म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, प्लवक, जिवाणू आणि काही ठिकाणी दलदलीतली झाडंपानं. हे जीव मरतात, तळाशी बसतात. एरवी त्यांना ऑक्सिजन आणि बाकीचे सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, शंभरातला एक भागसुद्धा शिल्लक राहत नाही. पण जिथे तळाचं पाणी साचलेलं आहे, ऑक्सिजन पोचत नाही आणि वरून बारीक चिखल भराभर येऊन झाकण घालतोय, तिथे हा मृत माल चिखलातच कोंडला जातो. पुढे चिखल दबून त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा काळपट खडक होतो, त्याला शेल म्हणतात, आणि आतल्या सेंद्रिय मालाचा एक मेणचट, न विरघळणारा पदार्थ होतो, तो केरोजेन. असा केरोजेनवाला शेल म्हणजे तेलाचा स्रोत खडक. सगळी गोष्ट इथून सुरू होते.

आता आपल्या समुद्राचं बघू. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थर पसरत होते, त्याच सुमाराला सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून बाजूला व्हायला लागला. या ताणाने पश्चिमेच्या काठावरची जमीन फाटली, काही पट्टे खाली खचले, काही तसेच उंच राहिले. खचलेल्या भागांत पुढचा कोटभर वर्षांचा काळ दलदली, खाजणं, उथळ खाड्या होत्या. तिथे जो गाळ साचला, शेल आणि कोळशाचे थर मिळून, त्याला भूवैज्ञानिक पन्ना फॉर्मेशन म्हणतात. मुंबईच्या समुद्रातल्या तेलाचा मुख्य उगम हाच. त्याच्या वर जे थर पुढे साचत गेले त्यांना अलिबाग, पनवेल, रत्नागिरी, वांद्रे, माहीम अशी नावं दिलेली आहेत. आपल्याच गावांची नावं समुद्राखालच्या खडकांना आहेत हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं, आणि ते शाळेत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आच बरोबर लागली पाहिजे

नुसता केरोजेन म्हणजे तेल नव्हे. तो तापावा लागतो. लोणी कढवताना काय होतं बघा, आच कमी असेल तर ते नुसतं विरघळून बसतं, बरोबर असेल तर तूप सुटतं, आणि गॅसवर ठेवून विसरलात तर करपतं. केरोजेनचंही तसंच. वर नवा गाळ चढत जातो तसा तो खाली खाली दबत जातो आणि खोलीबरोबर उष्णता वाढते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियसने. साधारण ६० अंशांच्या पुढे तेल सुटायला लागतं, १२० अंशांच्या आसपास जोर ओसरत जातो, आणि १५० च्या पुढे जे काही असेल त्याचा वायू होतो. त्याहून खाली गेलं की तेल मिळायची आशा सोडायची.

फरक एवढाच की तूप अर्ध्या तासात होतं आणि इथे लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात. मुंबईच्या समुद्राखाली जमीन सरासरीपेक्षा जास्त गरम आहे, त्यामुळे इथे तुलनेने कमी खोलीवरही हे काम झालं.

कच्चा माल कुठला त्यावरही ठरतं की काय निघणार. लाकूडफाटा जास्त असेल तर वायू जास्त, समुद्री शेवाळ असेल तर तेल जास्त. राजस्थानात बाडमेरला २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडलं, तिथला सेंद्रिय माल प्राचीन तळ्यांमधला, आणि तेल इतकं मेणचट की साध्या तापमानाला ते थिजतं, म्हणून तिथून गुजरातकडे जाणारी पाइपलाइन सगळी गरम ठेवावी लागते.

तेल घर सोडतं तेव्हा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि बहुतेक लोकांना हाच माहीत नसतो. तेल जिथे बनतं तिथे ते सहसा सापडत नाही. ते स्थलांतर करतं.

पहिलाच टप्पा सगळ्यात अवघड. शेलची छिद्रं अतिशय बारीक, त्यातून पाणीही धड जात नाही, मग तेल बाहेर येणार कसं? काय होतं की घन केरोजेनचं तेल आणि वायू झाला की त्याला जास्त जागा लागते, जागा नसते, मग दाब वाढत जातो, वरून किलोमीटरभर गाळाचं वजन आहेच, शेवटी खडकालाच केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि तेल त्यातून पिळून बाहेर येतं, दाब उतरला की भेगा मिटतात, पुन्हा दाब वाढला की पुन्हा उघडतात. असं कित्येक लाख वर्षं चालतं. तरीही बरंच तेल आतच राहतं. अमेरिकेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेल ऑइलचा एवढा गाजावाजा झाला तो ह्याच मागे राहिलेल्या तेलाचा, तिथे शेलला माणूस मुद्दाम पाण्याच्या दाबाने भेगा पाडतो.

शेलमधून सुटलेलं तेल शेजारच्या मोकळ्या छिद्रांच्या खडकात येतं, वाळूच्या दगडात किंवा चुनखडीत. तिथे पाणी भरलेलं आहेच. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर जायला बघतं. पण दोन कणांमधली वाट एवढी अरुंद असते की एकटा थेंब तिथे अडकतो, त्याला वाकून, चेपून त्या तोंडातून शिरावं लागतं आणि तेवढा जोर त्याच्यात नसतो. मागून अजून थेंब येतात, एकमेकांना चिकटतात, सलग धार तयार होते, मग त्या धारेचा वर जायचा जोर पुरेसा होतो आणि ती पुढे सरकते. मागे वाटेवरच्या प्रत्येक छिद्रात थोडं थोडं तेल अडकून राहतं. म्हणजे हा प्रवास फुकट होत नाही, वाटेत उधळण होत जाते.

सरळ वर जाता येत नाही कारण वर कुठेतरी न पाझरणारा थर लागतो. मग तेल त्या थराच्या पोटाखालून चढाच्या दिशेने तिरकं सरकत राहतं, कधी दहा-वीस किलोमीटर, काही खोऱ्यांत शंभराच्याही पुढे. वाटेत भ्रंश लागला, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेघ, तर दोन्ही शक्यता असतात. भेग मोकळी असेल तर तेल तिच्यातून वर चढतं, आणि ती चिकणमातीने लिंपली गेली असेल तर तिथेच थांबतं.

आणि कुठेच थांबलं नाही तर? मग ते जमिनीवर किंवा समुद्रात येऊन वाया जातं. जगात आजवर बनलेल्या तेलातलं बरंचसं असंच गेलंय. हिमाचलातल्या ज्वालामुखी मंदिरातल्या ज्योती म्हणजे असा वर आलेला नैसर्गिक वायूच आहे, आणि आसामात दिग्बोईचा शोध लागला तोही जमिनीवर झिरपणाऱ्या तेलामुळेच. हे सांगितल्याने ज्योतीपुढे हात जोडणाऱ्याच्या श्रद्धेला काही धक्का लागतो असं मला वाटत नाही. किती कोटी वर्षांचा प्रवास करून ती ज्योत तिथे आली हे कळल्यावर तर हात अजूनच जोडावेसे वाटतात.

मुंबई हायवर ते थांबलं कसं

थांबायला तीन गोष्टी लागतात. तेल मावेल असा सच्छिद्र खडक, त्याला साठा खडक म्हणतात. त्याच्यावर न पाझरणारं झाकण. आणि एकंदर आकार असा की तेलाला अजून वर जायला वाटच राहू नये, हा झाला सापळा.

मुंबई हाय ही समुद्राखालची एक लांबट, पालथी पाठ आहे, साधारण ६५ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर. मघाशी म्हटलं ना, जमीन फाटताना काही पट्टे उंच राहिले, त्यातलाच हा एक. उंच असल्यामुळे इथल्या माथ्यावर पन्नाचा गाळ फारसा साचलाच नाही. म्हणजे तेलाचा उगमच इथे जवळजवळ नाही! तेल आलं आजूबाजूच्या खोल द्रोणींमधून, जिथे पन्नाचा शेल जाड होता आणि पुरेसा तापला. तेलवाले अशा खोल भागाला चक्क किचन म्हणतात. किचनमध्ये शिजलं आणि उतारावरून वर चढत या पाठीपाशी येऊन जमलं.

पाठीवर मायोसीन काळात, दोन कोटी वर्षांच्या आसपास, उथळ स्वच्छ समुद्रात शंखशिंपल्यांची चुनखडी साचली होती. मधूनमधून समुद्र मागे हटला, चुनखडी उघडी पडली, पावसाच्या पाण्याने शिंपले विरघळले आणि त्यांच्या जागी छिद्रं झाली. त्या पावसाने आपल्यासाठी कोठी खणून ठेवली म्हणा. त्यावर पुढे चिखलाचे थर बसले, तेच झाकण.

पण ह्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे क्रम. सापळा आधी तयार हवा आणि तेल नंतर यायला हवं. उलट झालं तर सापळा कितीही सुंदर असो, त्यात फक्त खारं पाणी सापडतं.

म्हणूनच विहीर कोरडी निघते. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने भूकंपलहरींचं सर्वेक्षण झालं, म्हणजे मुद्दाम लहरी सोडून खालच्या थरांचा आकार पाहिला गेला, तेव्हा या पाठीचा आकार दिसला होता, पण आकार दिसला म्हणजे तेल दिसलं असं होत नाही. ते कळलं १९७४ च्या फेब्रुवारीत, सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने खोदल्यावर. हाच तो रिग, एक रुपयाच्या नोटेवरचा. आजही तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेलंय तरी शेवटचं उत्तर खोदूनच मिळतं, आणि "एवढा खर्च करून काही निघालं नाही" म्हणून जी ओरड होते ती मला अन्यायाची वाटते. पाच-सहा अटी एकाच जागी आणि नेमक्या क्रमाने जुळाव्या लागतात, एक चुकली की संपलं.

"पण तेल तर ग्रॅनाइटमध्येही सापडतं, मग ते पृथ्वीच्या पोटातूनच येतंय की!"

हा आक्षेप हटकून येतो, आणि त्यामागची माहिती खरी आहे. मुंबई हायच्या चुनखडीखाली जे जुने कठीण खडक आहेत, बेसाल्ट (थंड झालेला लाव्हा) आणि ग्रॅनाइटसारखे, त्यांच्या भेगांमध्येही तेल मिळालंय. व्हिएतनामच्या समुद्रात बाख हो नावाचं क्षेत्र तर बहुतांशी ग्रॅनाइटमध्येच आहे. मग जीवजंतूंच्या चिखलाची गोष्ट खोटी का?

नाही. उंच राहिलेल्या ग्रॅनाइटच्या कडेला, त्याच्यापेक्षा खोल द्रोणीत शेल असतो. तिथलं तेल चढत आलं की त्याला चुनखडीची छिद्रं काय आणि ग्रॅनाइटच्या भेगा काय, वर जायची वाट मिळाली की पुरे. शिवाय तेल स्वतःची ओळख बरोबर घेऊन फिरतं. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात असे रेणू शोधले जे वनस्पतींच्या हरितद्रव्यापासूनच येऊ शकतात. आज प्रयोगशाळेत अशाच रेणूंवरून साठ्यातलं तेल कुठल्या शेलमधून आलं हे जुळवून बघतात.

आणि ह्यातच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे, की काढलेलं तेल पुन्हा भरतं का. निसर्गात तेल आजही बनतंय आणि सरकतंय, पण त्याचा वेग लाखो वर्षांचा आहे आणि आपण ते काही दशकांत काढतो.

तेल काढलं की जमीन खचते का

तलाव नसल्यामुळे पोकळी राहत नाही, बाजूचं पाणी छिद्रांत शिरतं, खडकाचा सांगाडा तसाच उभा असतो. बहुतेक ठिकाणी एवढंच होतं. पण खडक मऊ असेल तर भीती खरी आहे. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात खडूसारखा खडक दबला, समुद्रतळ खाली गेला, आणि १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलावे लागले. कॅलिफोर्नियात लाँग बीचला जमीन नऊ मीटरच्या आसपास खचली. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या वायू क्षेत्रामुळे भूकंपाचे धक्के बसून घरांना तडे गेले. त्यामुळे असं विचारणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये.

मग मुंबई हायमध्ये उरलंय किती

बरंच. १९८० च्या दशकात इथून दिवसाला चार लाख बॅरलच्या वर तेल निघत होतं, आता ते साधारण एक तृतीयांशावर आलंय. ह्याचा अर्थ बाकीचं संपलं असा नाही. सुरुवातीला आतल्या दाबाने तेल आपोआप वर येतं, मग दाब उतरतो, मग समुद्राचं पाणी साठ्यात सोडून तेल ढकलावं लागतं. पण चुनखडीची छिद्रं एकसारखी नाहीत, मध्ये शेलचे पातळ पडदे आहेत, पाणी सोपी वाट धरून थेट विहिरीकडे पळतं आणि बाजूचं तेल तिथेच राहतं. शिवाय स्थलांतराच्या वेळी थेंब ज्या कारणाने अरुंद तोंडाशी अडकत होते, त्याच कारणाने ते आताही अडकतात. जगभर एखाद्या क्षेत्रातलं सरासरी तिसरा हिस्सा तेलच बाहेर येतं, बाकी खडकातच राहतं. बीपीला बोलावलंय ते ह्या अडकलेल्या तेलासाठी, कुठल्या थरात पाणी कुठून सोडायचं, विहिरी कशा वळवायच्या, हे काम सुधारायला. नवं तेल कोणी तयार करणार नाहीये, आणि कंपनीचा अंदाज हा अंदाजच आहे हेही ध्यानात ठेवायला हवं.

"तेल सापडलं" अशी बातमी आली की पेट्रोल स्वस्त होणार का असं लगेच विचारलं जातं. विहिरीत तेलाचा किंवा वायूचा अंश दिसणं, तो काढण्याएवढा असणं, तो परवडणं आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू होणं ह्या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांत वर्षं जातात. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, एका शोधाने तो आकडा फारसा हलत नाही.

समुद्रात आहे, मग महाराष्ट्राच्या जमिनीखाली का नाही

कारण आपण बसलोय लाव्ह्यावर. सह्याद्रीचा काळा कातळ हा थंड झालेला लाव्हा आहे, त्यात ना चिखल साचला, ना केरोजेन बनलं. मग त्याच्या खाली काय आहे? काही ठिकाणी खोदून पाहिलंय, तेही तेलासाठी नव्हे तर भूकंपाच्या अभ्यासासाठी. कोयनेला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक, मध्ये गाळाचा थरच नाही. किल्लारीला सुमारे ३४० मीटर बेसाल्टखाली गाळाचा थर मिळाला तो जेमतेम आठ मीटरचा. एवढ्याशा थरात तेल बनायला ना माल पुरेसा, ना आच. राज्यात सगळीकडेच असं असेल असं ह्या दोन विहिरींवरून म्हणता येणार नाही, पण इतक्या जाड लाव्ह्याच्या आरपार भूकंपलहरींनी स्पष्ट बघणंही कठीण जातं. गोव्याच्या जमिनीखालीही आशा नाही, पण कारण वेगळं, तिथले खडक फार जुने, तापून-दबून रूप बदललेले.

म्हणून गावात बोअरच्या पाण्याला रॉकेलचा वास आला आणि "आपल्याकडे तेलाची खाण लागली" असा व्हिडिओ फिरायला लागला, तर आधी जवळ पेट्रोलपंप, डिझेलची जुनी टाकी किंवा एखादं गॅरेज आहे का ते बघा, बहुतेक वेळा गळती तिथली असते. ते पाणी पिऊ नका, गुरांनाही पाजू नका, पेटतंय का बघायला काडी तर अजिबात लावू नका, आणि तहसील कार्यालयाला व भूजल सर्वेक्षणवाल्यांना कळवून पाण्याचा नमुना तपासून घ्या.